नव्या कॅमवर जुना टॅपेट नको

"कॅम गेला तर कॅम बदला. स्प्रिंग तुटली नसेल तर तिला हात लावू नका. टॅपेट अखंड आहे ना, मग राहू दे तसाच. बाकीचं सगळं मिस्त्रींनी बिल वाढवायला काढलेलं."

कराडमध्ये वाहतूकदारांच्या एका बैठकीत पंधरा-वीस गाड्यांच्या एका मालकांनी हे ऐकवलं आणि निम्म्याहून अधिक माना डोलल्या. हे गृहस्थ स्वतः स्टिअरिंगवर बसून वर आलेले आहेत. रात्री-अपरात्री गाडीखाली झोपून त्यांनी स्वतः पाने फिरवले आहेत. त्यांचा शब्द तरुण मालक खाली पडू देत नाहीत, आणि नेमकं म्हणूनच त्यांच्या या मताला उत्तर देणं मला भाग आहे. कुणी ऐऱ्यागैऱ्यानं म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं.

त्यांची बाजू आधी नीट मांडतो. ते म्हणतात, गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाचं भाडं बुडतं, हप्ता मात्र थांबत नाही. कॅमच्या एका लोबवर खड्डा पडला म्हणून बारा टॅपेट आणि बारा स्प्रिंगा का बदलायच्या? शिवाय जुन्या स्प्रिंगा कंपनीतून आलेल्या, ओरिजिनल. बाजारातून आणलेल्या नव्या कुठल्या कारखान्यातल्या, कुणाला ठाऊक? आणि शेवटी त्यांचा हुकमी एक्का: "आमच्या वडिलांनी टाटा-बेंझ जुन्याच स्प्रिंगांवर तीन-तीनदा बांधली. काय झालं तिला?"

यातला एकही मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण सगळे मुद्दे एका चुकीच्या समजुतीवर उभे आहेत. ती समजूत अशी की कॅम, टॅपेट आणि स्प्रिंग हे तीन सुटे भाग आहेत. माझं म्हणणं आहे की ते तीन भागांचं एकच यंत्र आहे. त्यातला एक नवा घालून दोन जुने ठेवले तर ती दुरुस्ती होत नाही, पुढच्या बिघाडाची तारीख फक्त ठरते.

मी ज्या इंजिनावर हात बसवला त्याचंच उदाहरण घेतो: कमिन्सचं सहा सिलिंडर, बारा व्हॉल्वचं सिक्स बीटी. १९९३ साली टाटा आणि कमिन्स एकत्र आले आणि जमशेदपूरच्या कारखान्यातून हे घराणं आपल्या ट्रकांत आलं. १०२ मिलिमीटर बोअर, १२० मिलिमीटर स्ट्रोक, ५.९ लिटर. प्रत्येक सिलिंडरवर वेगळं रॉकर कव्हर, एका बोल्टचं. नव्या बीएस-६ गाड्यांची इंजिनं वेगळी आहेत, पण वीट, वाळू, ऊस आणि साखर वाहणाऱ्या जुन्या गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत, आणि कॅमचं काम निघतं ते त्यांचंच.

या इंजिनात कॅम ब्लॉकमध्ये खाली असतो. त्याच्या लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, टॅपेट बसतो, टॅपेटमध्ये पुशरॉड, पुशरॉडवर रॉकर आणि रॉकरच्या दुसऱ्या टोकाला व्हॉल्व. लोब वर आला की व्हॉल्व उघडतो, इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. व्हॉल्व बंद कोण करतं, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. कॅम व्हॉल्वला ढकलू शकतो, ओढू शकत नाही. परत आणायचं काम एकट्या स्प्रिंगचं. व्हॉल्व, रॉकर, पुशरॉड आणि टॅपेट हा सगळा संसार कॅमला चिकटवून ठेवते ती स्प्रिंग.

आधी टॅपेटचं बोलू. बाहेर काढून हातात घेतला की तो सपाट बुडाची लोखंडी कुपी वाटतो. पण ते बूड पूर्ण सपाट नसतं, त्याला डोळ्यांना न दिसणारा फुगवटा असतो. लोबही पूर्ण समांतर नसतो, त्याला किंचित उतार दिलेला असतो, आणि टॅपेट लोबच्या बरोबर मध्यावर न बसता जरासा बाजूला बसतो. हे सगळं एकाच गोष्टीसाठी केलेलं आहे. इंजिन चालू असताना टॅपेट स्वतःभोवती फिरला पाहिजे. तो फिरला की घासण सगळ्या बुडावर वाटली जाते. फिरायचा थांबला की लोब एकाच रेषेवर घासतो, आणि मग टॅपेटही जातो आणि लोबही.

आता लाखो किलोमीटर चाललेल्या टॅपेटच्या बुडावर गुण्याची कड उभी धरा आणि उजेडाकडे बघा. मध्ये फट दिसते. फुगवटा जाऊन तिथे खळगा झालेला असतो. जुन्या लोबबरोबर झिजता झिजता त्याची त्या लोबशी जोडी जमलेली असते. या खळग्याच्या टॅपेटखाली तुम्ही नवा कोरा कॅम घालता. नव्या लोबचा उतार आणि टॅपेटचा खळगा यांचं जमत नाही, टॅपेट फिरत नाही आणि खळग्याच्या कडा लोबवर करवतीसारख्या चालतात. सोलापुरातला प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना देशोदेशीच्या मोटार कंपन्यांना कॅम पुरवतो. ओतताना लोबचा पृष्ठभाग झटकन थंड करून कडक करायचा आणि मग तो दळून घोटायचा, यात किती कसब आहे हे त्या कामातल्या माणसाला विचारा. कॅम कुठलाही असो, एवढ्या निगुतीनं केलेली वस्तू आपण झिजलेल्या टॅपेटखाली सारतो आणि महिनाभरात "नवा माल कच्चा निघाला" म्हणून मोकळे होतो.

घरच्या जात्याला टाकी लावायला पाथरवट यायचा, तेव्हा तो नुसत्या वरच्या तळीला टाकी लावून निघून जायचा का? दोन्ही तळ्यांना टाकी लागायची. एकीलाच लावली तर पीठ जाडं पडतं आणि टाकी लवकर जाते, हे दळणाऱ्या आजीला ठाऊक होतं. जोडीनं झिजलेलं जोडीनंच नीट करायचं, एवढं साधं ते शहाणपण आहे.

मग जुने टॅपेट ठेवायची सवय आली कुठून? मी सांगतो, कारण मी ती स्वतः पाळली आहे. सिक्स बीटीचा टॅपेट छत्रीसारखा आहे. त्याचं बूड त्याच्या भोकापेक्षा रुंद असल्यानं तो वरून निघत नाही. गाडीवरच कॅम काढायचा तर पुशरॉड काढून त्या भोकांतून बारा लाकडी काठ्या टॅपेटमध्ये ठोकायच्या, टॅपेट वर ओढायचे आणि जुन्या ट्यूबच्या रबरी कड्या लावून काठ्या तशाच टांगून ठेवायच्या. रेडिएटर, पंखा, पुढचं कव्हर आणि कॅमवर चालणारा फीड पंप काढायचा, गिअरची खूण जुळवून ठेवायची, थ्रस्ट प्लेटचे बोल्ट सोडायचे आणि कॅम पुढून ओढून घ्यायचा. नवा सारायचा, काठ्या काढायच्या, काम संपलं. चेंबर उतरवायला नको, इंजिन उतरवायला नको. बारा काठ्या टांगलेलं ते इंजिन बघायला मोठं देखणं दिसतं, आणि त्या देखणेपणातच फसगत आहे. टॅपेट काढायचा असेल तर कॅमच्या भोकातून अर्धा कापलेला पातळ पाइप आत सारायचा, एकेक टॅपेट त्यात सोडायचा, बाहेर काढायचा, नवा तसाच आत न्यायचा आणि वरून सळईनं ओढून घ्यायचा. बारा वेळा. त्यात अर्धा दिवस सहज जातो आणि एखादा टॅपेट चेंबरमध्ये पडला तर आणखी जातो. या कंटाळ्यातून तो नियम जन्मला. "टॅपेट राहू दे" हे कुणी मोजून, तपासून काढलेलं अनुमान नाही. ती सोय होती, आणि सोयीचंच पुढे शास्त्र झालं.

माझ्या हातून हे घडलं आहे. मी तेव्हा नुकतंच स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. ऊस हंगामाच्या तोंडावर एक गाडी आली, एक लोब गेलेला. मालकाला घाई, मलाही नाव कमवायचं. काठ्या लावून चौथ्या दिवशी गाडी बाहेर काढली, जुन्या टॅपेटवर. सहाव्या आठवड्यात ती दोरीनं ओढत परत आली. चेंबरमधलं ऑइल परातीत काढून उन्हात धरलं तर त्यात चंदेरी चमक होती, जत्रेतल्या गुलालात अभ्रक चमकतो तशी. नव्या कॅमचे तीन लोब गेले होते. तो चुरा ऑइलबरोबर फिरून मेनच्या बेअरिंगांत रुतला होता. अर्धा दिवस वाचवायला गेलो आणि अख्खं इंजिन बांधावं लागलं, माझ्या खर्चानं. त्या मालकानं मला शिवी दिली नाही. गाडीच्या बंपरवर बसून तो नुसता हिशेब करत राहिला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आता स्प्रिंग. "तुटली नाही म्हणजे चांगली आहे" हे वाक्य गॅरेजमध्ये सर्वांत जास्त ऐकू येतं आणि सर्वांत जास्त नुकसान करतं. साधा हिशेब करू. गाडी तीन लाख किलोमीटर चालली, सरासरी ताशी तीस धरली, तर इंजिन दहा हजार तास चाललं. मिनिटाला सरासरी पंधराशे फेरे धरले तर कॅम त्याच्या निम्म्यानं, साडेसातशे फिरतो. म्हणजे तासाला पंचेचाळीस हजार वेळा आणि दहा हजार तासांत पंचेचाळीस कोटी वेळा एकेक स्प्रिंग दाबली आणि सोडली गेली, तीही तापलेल्या ऑइलमध्ये. पोलाद कितीही चांगलं असलं तरी एवढ्या फेऱ्यांनंतर ते थकतं. काही स्प्रिंगा बसतात, म्हणजे मोकळी लांबी थोडी कमी होते आणि जोर उतरतो. काहींवर गंजाचा एक ठिपका पडतो आणि चीर तिथून सुरू होते. तुटलेली स्प्रिंगसुद्धा नेहमी दिसत नाही. तिची दोन्ही अर्धी एकमेकांत पिळून बसतात आणि गाडी तशीच पळत राहते. मग "तुटली नाही" हे तरी तुम्ही कशावरून म्हणता?

जोर उतरलेली स्प्रिंग नव्या कॅमचं काय करते ते बघा. लोबच्या टोकावरून जाताना टॅपेटचा, पुशरॉडचा, रॉकरचा आणि व्हॉल्वचा वेग त्यांना पुढे उडवू बघतो. त्या क्षणी त्यांना कॅमला चिकटवून ठेवते ती फक्त स्प्रिंग. तिचा जोर कमी पडला की टॅपेट लोबवरून सुटतो, हवेत राहतो आणि उतरत्या बाजूवर हातोडीसारखा आदळतो. हे ठोके नवीन लोबवर खड्डे पाडतात, आणि पुन्हा दोष येतो कॅमवर.

मालक म्हणतील, ट्रकचं इंजिन सावकाश फिरणारं, हे सगळं शर्यतीच्या गाड्यांना लागू. मी म्हणतो, शर्यतीच्या गाडीला कुंभार्ली घाट उतरायचा नसतो. कराडहून चिपळूणला माल भरून उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये असते आणि वजन चाकांना ढकलतं. चाकं इंजिनाला फिरवतात. गव्हर्नर डिझेल तोडू शकतो, पण तिथे डिझेल आधीच तुटलेलं असतं. फेरे वाढत राहतात आणि गव्हर्नर बघत राहतो. अडीच हजारांचं इंजिन तीन हजारांवर गेलं की वाढ दिसते वीस टक्के, पण उडवणारा जोर फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो, म्हणजे चव्वेचाळीस टक्के. घाट उतरणाऱ्या प्रत्येक गाडीला हा हिशेब लागू आहे.

त्यात एक्झॉस्ट ब्रेक असेल तर पुढचा हिशेबही समजून घ्या. हा ब्रेक सायलेन्सरकडे जाणारा मार्ग बंद करतो, मॅनिफोल्डमध्ये दाब कोंडतो आणि पिस्टन त्याच्याशी झगडतो, म्हणून गाडी आवरते. पण तो कोंडलेला दाब एक्झॉस्ट व्हॉल्वच्या पाठीवरही बसतो. व्हॉल्वचं डोकं चाळीस मिलिमीटर धरा, क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर. दाब चौरस सेंटिमीटरला तीन किलो असेल, तर व्हॉल्वला उघडायला बघणारा जोर सदतीस किलोंच्या आसपास. समोर त्याला अडवून उभी असते एक स्प्रिंग. ती बसलेली असेल तर शेजारच्या सिलिंडरमधून दाबाचा धक्का आला की बंद असायला हवा तो व्हॉल्व सीटवरून उचलतो आणि परत आदळतो. सीट ठेचते. ब्रेकचा दाब निसटतो, गाडी पुरेशी आवरत नाही आणि ड्रायव्हर पायाचा ब्रेक जास्त दाबतो. लायनिंगचा जळका वास घाटात कुणाला ओळखीचा नाही? त्या वासामागे प्रत्येक वेळी स्प्रिंगच असते असा माझा दावा नाही. पण एक्झॉस्ट ब्रेकची गाडी आणि बसलेल्या स्प्रिंगा ही जोडी घाटात सोडू नये, एवढा दावा मी करतो आणि त्यावरून हटणार नाही.

आता त्या हुकमी एक्क्याकडे येतो. वडिलांची टाटा-बेंझ. टाटांची टेल्को आणि डेम्लर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ चालला आणि त्या घराण्यातलं सहा सिलिंडरचं, ९७ मिलिमीटर बोअरचं ६९७ इंजिन आपल्याकडे पुढेही वर्षानुवर्षं पळालं. त्या इंजिनाबद्दल माझ्याही मनात आदर आहे, मी त्याच्यावरच शिकलो. पण ते मूळचं बिनटर्बोचं. इनलेट व्हॉल्वच्या पाठीवर साध्या हवेपलीकडे दाब नव्हता. टर्बो आला आणि मॅनिफोल्डमध्ये चौरस सेंटिमीटरला एक किलो जादा हवा कोंबू लागला, की त्याच साडेबारा चौरस सेंटिमीटरच्या व्हॉल्ववर बारा किलोंचा उघडता जोर सतत आला. स्प्रिंगेचं काम बदललं. वडिलांच्या गाडीचा नियम त्या गाडीला बरोबर असेल, या गाडीला तो लावता येत नाही.

"जुनी ओरिजिनल नव्या डुप्लिकेटपेक्षा बरी" हा त्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि त्यातलं अर्धं मी मान्य करतो. बाजारात हलक्या पोलादाच्या स्प्रिंगा मिळतात, हे खरं. पण त्यावर उपाय जुन्या स्प्रिंगा डोळे मिटून ठेवणं हा नाही. उपाय मोजणं हा आहे. सपाट फरशीवर गुण्या ठेवून स्प्रिंग उभी करा, कलली असेल तर बाद. मोकळी लांबी मोजा. मग टेस्टरवर ठरलेल्या उंचीपर्यंत दाबून किती किलो भरते ते कंपनीच्या पुस्तकाशी ताडून बघा. जुनी असो की नवी, दोघींना एकच परीक्षा. कमी चाललेली जुनी स्प्रिंग पास झाली तर तीच घाला, मी आडवा येणार नाही. पण परीक्षाच न घेता "ओरिजिनल आहे" म्हणून पास करणं मला मान्य नाही. टॅपेटच्या बाबतीत मात्र एवढीही सूट नाही. दुसऱ्या लोबवर झिजलेला टॅपेट नव्या कॅमवर घालायचाच नाही.

एक चोरवाटही बंद करायला हवी. स्प्रिंग बसली की खाली वायसर घालून ती ताठ करायची, हे काही जण करतात. त्यानं बंद व्हॉल्वचा जोर वाढतो खरा, पण व्हॉल्व पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगेच्या वेटोळ्यांमध्ये मोकळी जागा उरत नाही. वेटोळी एकमेकांना टेकली तर पुशरॉड वाकतो, नाहीतर लोबवर नको तेवढा भार येतो. थकलेल्या पोलादाला वायसरनं तरुण करता येत नाही.

राहिला पैशांचा आणि दिवसांचा मुद्दा. स्प्रिंगांसाठी हेड उतरवावं लागत नाही. एक आणि सहा नंबरचे पिस्टन वर आणायचे, त्यांच्या चार स्प्रिंगा दाबून लॉक काढायचे. व्हॉल्व खाली पडायला जागा नसते, तो पिस्टनवर टेकतो. त्या बसवून झाल्या की फिरवून दोन आणि पाच, मग तीन आणि चार. शेवटी क्लीअरन्स: इनलेट पाव मिलिमीटर, एक्झॉस्ट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. रॉकर तर कॅमसाठी आधीच सोडलेले असतात. मजुरी आणि उभी गाडी हा मोठा खर्च झालेलाच असतो, आणि बारा स्प्रिंगांची किंमत एका टाकीच्या डिझेलहून खूप कमी भरते. कॅमसाठी इंजिन उघडलेलं असताना जे होत नाही, ते पुढे कधी स्वस्तात होणार?

त्या मालकांना माझं एवढंच सांगणं आहे. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी म्हणत नाही. बिल वाढवणारे मिस्त्री आहेत, तुमचा संशय कुठल्या अनुभवातून आला हे मला कळतं. पुढच्या वेळी कॅमचं काम निघालं की गॅरेजमध्ये स्टुलावर बसा. बाराही जुन्या स्प्रिंगा तुमच्यासमोर टेस्टरवर दाबायला लावा आणि आकडे स्वतःच्या हातानं खडूनं फरशीवर लिहा. बारा टॅपेटच्या बुडांवर गुण्याची कड स्वतः धरा आणि फट दिसते का बघा. मग ठरवा. आणि ठरवताना आणखी एक बघा: संध्याकाळी तीच गाडी भरून कुंभार्ली उतरणारा ड्रायव्हर त्या फरशीजवळच उभा असेल. ते आकडे त्यालाही वाचू द्या.